साच्यातलं पहिलं विमान

गणपती उठले की नाशिकचा पाऊस दमल्यासारखा होतो. पूर्ण जात नाही. त्र्यंबकेश्वरच्या बाजूला ढग अडकून राहतात, पण मधूनमधून चार-चार तास उघडीप मिळते. डोंगरउतारांवर गवत कमरेएवढं झालेलं असतं, सोनकीची पिवळी फुलं आलेली असतात, आणि पश्चिमेचा वारा मात्र अजून थकलेला नसतो. तो दरीतून येतो, डोंगराला आदळतो आणि दुसरीकडे जायला वाट नाही म्हणून कड्यावरून सरळ वर चढतो. हे सहा-सात आठवडेच. मग ऑक्टोबरचं ऊन तापतं, वारा फिरतो, आणि तो डोंगर आमच्या कामाचा राहत नाही.

यंदाही तो वारा आलाय. परवा सकाळी गच्चीवर चादर वाळत घालताना ती एकदम ताणली गेली, हातातून सुटायला लागली, आणि माझे दोन्ही अंगठे आपोआप ताठ झाले. तीन वर्षं झाली त्या भाद्रपदाला, तरी होतात.

मी डोंगरावर ग्लायडर उडवते. म्हणजे रिमोटवर चालणारं, इंजिन नसलेलं विमान. कड्यावर उभं राहून ते वाऱ्यात फेकायचं, आणि वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधारानं डोंगराच्या कडेकडेनं इकडून तिकडे फिरवत ठेवायचं. पंखा नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही. वारा आहे तोवर विमान आहे. हे ऐकून लोक पहिल्यांदा हसतात, मग विचारतात, "पण करायचं काय त्याचं?" याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. आमचं मूळ घर देवळ्याचं, कांद्याचं. कांदा साठवायची चाळ बांधताना वारा कुठल्या अंगानं शिरेल, कांद्यांमधून कसा निघून जाईल, हे माझे वडील तळहात वर धरून ठरवायचे. वाऱ्याकडं असं कामाची गोष्ट म्हणून बघायची सवय मला तिथूनच लागली असावी.

पोटापाण्यासाठी मी सातपूरला एका टूलरूममध्ये साच्यांची डिझाइनं करते. बादल्यांची झाकणं, स्विचची खोकी, गाड्यांच्या आतले प्लॅस्टिकचे तुकडे. हे काम मला शिकवलं गायकवाड सरांनी. ते आयटीआयमध्ये आमचे निदेशक होते. नाशिकरोडच्या बौद्ध कॉलनीत त्यांचं घर. आयुष्यभर लेथ, कानशी, मायक्रोमीटर यांत घालवलेला माणूस, बोलणं मोजकं, शर्ट कायम खोचलेला. निवृत्त झाल्यावर हा माणूस रविवारी विमानं उडवतो असं कळलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. एकदा सहज बघायला गेले आणि अडकले. दोन पावसाळे त्यांच्या हाताखाली मी फोमचं विमान उडवलं. फोमचं विमान म्हणजे दयाळू गोष्ट. झाडाला धडकलं, दगडावर आपटलं, दोन तुकडे झाले तरी घरी आणायचं, डिंकानं चिकटवायचं, पुढच्या रविवारी पुन्हा हजर. माझ्या त्या विमानात शेवटी फोम कमी आणि डिंक जास्त होता.

सरांचं विमान मात्र साच्यातलं होतं. ते कसं बनतं हे मला विमान हातात घेण्याआधीच कळत होतं, कारण माझा धंदाच तो. पंखाचे दोन साचे असतात, वरच्या अंगाचा एक, खालच्या अंगाचा एक. साच्यात सगळ्यात आधी रंग मारतात. मग त्यावर काचतंतूचं आणि कार्बनचं कापड, राळ, मग दोन्ही अर्धे एकमेकांवर मिटवून चिकटवतात. साचा उघडला की पंख बाहेर येतो तो गुळगुळीत, रंगासकट पुरा झालेला. बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. अशा विमानाला हवा अडवत नाही, त्यामुळे ते धावतं. फोमचं विमान वाऱ्यात पोहतं, साच्यातलं वारा कापत जातं. आणि आपटलं तर चिकटवण्यासारखं फार उरत नाही.

सरांचं ते विमान जवळजवळ तीन मीटरचं, वरून पांढरं, खालून लाल. डोंगरावर आम्ही दोघंच असायचो. खाली पाडा होता. पाड्यावरच्या लोकांना विचारून, घरांवरून कधीच न्यायचं नाही या बोलीवर आम्ही तिथं उडवायचो. तीन वर्षांपूर्वीच्या त्या भाद्रपदात, पहिल्याच रविवारी, विमान पेटीत ठेवताना सर म्हणाले, "शुभांगी, आता तुला साच्यातलं घ्यायला हरकत नाही."

मला इतका आनंद झाला की मी नुसतीच मान हलवली.

"आणि बाहेरून मागवू नकोस," ते पेटीचं झाकण लावत म्हणाले. "हेच घे. माझं. तसंच घे, पैशांचं बोलू नकोस."

"मग तुम्ही काय उडवणार?"

"बघू."

त्या 'बघू'वर मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. कारण गेले सहा महिने मी रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मोबाइलवर विमानंच बघत होते. एक दीड मीटरचं, चाकूसारख्या पातळ पंखांचं, भयंकर वेगवान. एक दोन मीटरचं, पंख जाड, मागच्या कडेला रुंद फ्लॅप, म्हणजे खाली वळून वेग मारणाऱ्या पट्ट्या, दिसायला जरा बसकं. आणि त्या सगळ्यांच्या वर, हात न पोचणारं, सरांचं. जे हवं होतं तेच कुणी पुढं केलं तर माणूस 'का?' असं विचारत नाही.

खरं तर दिसत होतं मला. त्या उन्हाळ्यात चहाचा कप पुढं केला तर सरांचा हात आधी कपाच्या बाजूनं जायचा. दारातून जाताना उजवा खांदा चौकटीला लागायचा. आदल्या मोसमातही उडवताना मधेच विचारायचे, "कुठंय?" मी सांगायचे, "डावीकडं, थोडं वर." मग म्हणायचे, "हां, दिसलं." मी स्वतःला सांगत होते, ऊन फार आहे, वय झालंय, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी विचारलं असतं तर त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर दिलं असतं तर रविवार संपले असते. मला रविवार हवे होते आणि ते विमानही हवं होतं. म्हणून मी गप्प बसले. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

दुसऱ्या रविवारी वारा जोराचा होता. गवत एका बाजूला झोपत होतं, पुन्हा उठत होतं. ढगांचे तुकडे दरीतून वर येऊन आमच्या डोक्यावरून जात होते. अंगावरून गेले की क्षणभर ओलसर थंड वाटायचं आणि मग पुन्हा लख्ख. सरांनी रिमोटचा पट्टा गळ्यात घातला, मी विमान डोक्यावर धरून कड्याशी गेले आणि नाक किंचित खाली ठेवून फेकलं. हात रिकामे झाले तेवढ्यात ते उजवीकडं शंभर हात पुढं गेलेलं होतं.

दहा मिनिटं सगळं सुंदर चाललं होतं. डोंगराच्या कडेनं उजवीकडं जायचं, दरीच्या बाजूला वळायचं, डावीकडं यायचं, पुन्हा दरीच्या बाजूला वळायचं. डोंगराकडं कधी वळायचं नाही, हा पहिला नियम. मी शेजारी उभी राहून आजूबाजूला नजर ठेवत होते. आमच्या खाली, उताराच्या मधल्या टप्प्यावर, हिराबाई गवत कापत होत्या. पाड्यावरच्याच त्या, साठीच्या आसपास. त्यांच्या सहा-सात शेळ्या आजूबाजूला चरत होत्या.

"सर, हिराबाई आहेत खाली. मधल्या टप्प्यावर."

सरांनी मान खाली करून तिकडं पाहिलं. दोन सेकंद. मग पुन्हा वर. आणि मला दिसलं की त्यांची नजर चुकीच्या जागी शोधतेय. विमान उजव्या टोकाला होतं, सर समोर बघत होते.

"उजवीकडं," मी म्हणाले.

"दिसतंय."

"सर, एक पंख खाली गेलाय. वळतंय ते. डोंगराकडं वळतंय."

"दिसतंय मला!"

त्यांना दिसत नव्हतं. अंगठे अंदाजानं हलत होते, आणि प्रत्येक अंदाज उलटा पडत होता. विमानानं नाक खाली घातलं. आता त्याची लाल बाजू दिसत नव्हती, फक्त वरचा पांढरा रंग, म्हणजे ते आमच्या खाली होतं, आणि वेग वाढत होता. त्याच्या नाकासमोर सरळ रेषेत हिराबाईंची पाठ होती. त्या वाकलेल्या होत्या. वाऱ्यात त्यांना काहीच ऐकू जात नसणार. मी ओरडले, पण माझा आवाज माझ्याच तोंडावर परत आला.

मग मी काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. रिमोट सरांच्या गळ्यात होता, काढून घ्यायला वेळ नव्हता. मी त्यांच्या अंगाला अंग घासत पुढं घुसले आणि त्यांच्या अंगठ्यांवर माझे अंगठे ठेवून दाबले. त्यांचे अंगठे दगडासारखे घट्ट होते. "सोडा, सर!" मी म्हणाले. ते सोडेनात. सोडायचे नव्हते असं नाही, हातांना ते कळतच नव्हतं बहुधा. मी पुन्हा म्हणाले, "सोडा!" आणि ते सुटले.

आधी पंख सरळ करायचे, मग नाक उचलायचं. आणि हळू उचलायचं, कारण त्या वेगात एकदम ओढलं तर पंख मोडून तो सगळा भार तसाच खाली जाईल. माझ्या डोक्यात हे सरांच्याच आवाजात चाललेलं होतं. पंख सरळ. आता नाक. हळू. हळू. हिराबाईंनी तेवढ्यात मान वर केली. विमान त्यांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा मधे किती अंतर होतं ते मी सांगू शकत नाही. त्यांचा पदर उडालेला मला दिसला. शेळ्या चारी दिशांना उधळल्या.

विमान वर आलं, दरीवर गेलं, आणि तिथं शांतपणे तरंगत राहिलं, काही झालंच नाही असं. सरांनी स्वतःच गळ्यातला पट्टा काढला आणि माझ्या डोक्यातून घातला.

आता ते उतरवायचं होतं. आधी चार-पाच वेळा मी ते उडवलं होतं, पण उतरवायचे नेहमी सरच. एवढं विमान थांबायलाच तयार नसतं. पहिल्या वेळी कड्यावर आणलं तर ते माझ्या डोक्यावरून निघून गेलं. दुसऱ्या वेळी फ्लॅप खाली केले, तरी पुढं पुढं जात राहिलं, पुन्हा दरीवर न्यावं लागलं. तिसऱ्या वेळी हिराबाई कुठं आहेत, शेळ्या कुठं आहेत, हे आधी मोठ्यानं मोजून बघितलं आणि दूरच्या मोकळ्या गवतात ते घातलं. घातलं म्हणजे आदळलं. उजव्या पंखाचं टोक गवतात लपलेल्या दगडाला लागलं. तो आवाज कोरडा होता, फोडलेल्या सुपारीसारखा.

आम्ही तिकडं पोचायच्या आधी हिराबाई वर आल्या. हातात विळा तसाच. धाप लागलेली.

"काय हाय ते?" त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यावरून गेलं ना. लागलं असतं तर? दोन शेळ्या पार तिकडं पळाल्या. खाली मानूस हाय, दिसत नाय का तुमाला?"

मी माफी मागायला तोंड उघडलं, पण सर आधी बोलले.

"नाही," ते म्हणाले. "नाही दिसलं मला. चूक माझी आहे, बाई."

मला वाटलं, बोलायची पद्धत म्हणून म्हणतायत. हिराबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं, विळा कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "आधी माझ्या शेळ्या बघा." आम्ही दोघं अर्धा तास गवतातून शेळ्या शोधत फिरलो. एक सापडली ती कड्याच्या अगदी टोकाला उभी होती. हिराबाईंनी तिला नुसत्या आवाजानं मागं बोलावलं.

डोंगरावरून उतरून गाडीपाशी आलो. गाडी सरांची. येताना तेच चालवत आले होते, त्र्यंबकच्या रस्त्यानं, रविवारच्या गर्दीतून, आणि मी शेजारी बसून भजी खात होते. आता हे आठवलं. मी हात पुढं केला.

"सर, किल्ली द्या."

त्यांनी खिशातून काढून दिली. हुज्जत घातली नाही. गाडी सुरू केली तेव्हा काचेकडं बघत म्हणाले, "काचबिंदू."

"कधीपासून?"

"दीड वर्ष थेंब घालतोय. समोरचं स्वच्छ दिसतं. बाजूचं गेलं. नळीतून बघावं तसं. विमानावर नजर आहे तोवर ते असतं. नजर हलली की आभाळ एवढं मोठं होतं."

"मग उडवत का राहिलात?"

"दर रविवारी वाटायचं, आज एकदाच," ते म्हणाले. "आणि तू बरोबर असायचीस. तू सांगायचीस कुठंय ते. म्हटलं, हिला कळलंय, ही सांभाळून घेतेय."

म्हणजे माझं गप्प बसणं त्यांनी मदत म्हणून धरलं होतं. रस्ताभर मी समोरच्या ट्रकच्या मागच्या बाजूकडं बघत राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही विमान न घेता गेलो. हिराबाईंच्या घरी. ओटा सारवलेला, बाहेर शेळ्या बांधलेल्या. सरांनी डोळ्यांचं सगळं सांगितलं, मीही सांगितलं की मला थोडंफार कळत होतं. हिराबाईंनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, पुन्हा इकडं फिरकू नका. त्यांनी कोरा चहा दिला आणि म्हणाल्या, "उडवायचं तं उडवा. पन त्या अंगाला नाय. आम्ही दिसभर तिथंच असतो, गवताला. वरती ती चिंचोळी जागा हाय ना, झऱ्याच्या पलीकडं? तिथं कुनी नाय जात. तिथंच उडवा, तिथंच उतरवा. आन फेकायच्या आधी हाक मारायची. मी हाक देईन, मगच फेकायचं."

"आणि हाक नाही आली तर?" मी विचारलं.

"तं नाय फेकायचं."

ती जागा आम्ही त्याच दिवशी पाहून आलो. वारा चांगला होता, खाली सरळ खडक, माणसाची ये-जा नाही. पण उतरायला म्हणजे गवताची एक पट्टी. मी पावलांनी मोजली. लांबीला चाळीस, रुंदीला पंधरा. एका बाजूला झरा, दुसऱ्या बाजूला कातळ. मी तिथं उभी राहिले आणि सहा महिने मोबाइलवर चाललेला माझा सगळा गोंधळ पाच मिनिटांत संपला. पातळ पंखांचं ते वेगवान विमान इथं उतरणार नाही, ते कातळावर जाईल. सरांचंही उतरणार नाही. इथं उतरेल ते जाड पंखांचं, बसकं, रुंद फ्लॅपचं. ते उंचावरून तिरपं खाली आणता येतं, हवेत जवळजवळ थांबवता येतं. सहा महिने मी विमान किती जोरात जातं हेच बघत होते. थांबतं कसं, हे बघितलंच नव्हतं.

हे सरांना सांगणं मात्र सोपं नव्हतं. उजव्या पंखाची चीर त्यांनी तोवर दुरुस्त करून ठेवली होती, माझ्यासाठी. त्यांच्या घरी गेले तेव्हा विमान पलंगावर चादरीवर ठेवलेलं होतं, पुसून.

"सर, मी ते दोन मीटरचं मागवतेय."

"म्हणजे माझं नको."

"तुमचं मला उडवता येईल. तिथं उतरवता येणार नाही."

"शिकशील."

"शिकेपर्यंत दोनदा आपटेल. तुमचं विमान मला आपटायचं नाहीये. आणि त्या कड्यावर मला पुन्हा तसं काही—"

सरांनी विमानावर चादरीचं टोक ओढलं. "ठीक आहे," म्हणाले, आणि उठून आत गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी थोडा वेळ थांबले, मग चपला घालून निघाले. पुढचे दोन आठवडे त्यांचा फोन नाही, माझाही नाही. रोज सकाळी मी गच्चीवर जाऊन वारा बघायचे. अजून आहे. अजून आहे. मोसम असाच हातातून जाणार असं वाटायला लागलं.

पार्सल नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळ ट्रान्सपोर्टच्या गोदामात आलं. खोकं माझ्या उंचीएवढं. स्कूटरवर ते आडवं मावेना, उभं राहीना. शेवटी नवऱ्याला मागं बसवून त्याच्या हातात दिलं. द्वारकेच्या चौकात, बसच्या, रिक्षांच्या, टेम्पोंच्या मधे, तो ते उंच धरून बसला होता आणि दर मिनिटाला म्हणत होता, "हे मोडलं तर मला बोलू नकोस." घरी आल्यावर मी खोकं उघडलं. पंख निळे. बोट फिरवलं, कुठं अडलं नाही. पण त्याच्या आत काहीच नव्हतं. मोटरी, वायरी, बॅटरी सगळं बसवायचं बाकी. मी दिवाणखान्यात फरशीवर त्या निळ्या पंखांशेजारी बसून राहिले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

रात्री सरांना एवढाच मेसेज टाकला, 'विमान आलं.' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात सर. हातात हत्यारांची पेटी, खाली रिक्षा उभी. "सर्व्हो कोण बसवणार आहे?" त्यांनी विचारलं. सर्व्हो म्हणजे पंखाच्या कडा हलवणाऱ्या त्या छोट्या मोटरी. "तू? तुझं सोल्डरिंग मी बघितलंय."

मी बाजूला झाले. ते आत आले. उजवा खांदा चौकटीला लागणार होता. मी दाराची दुसरी झडप उघडली.

आठ संध्याकाळी लागल्या. टेबलावर दोन दिवे लावले. सर नाकाशी धरून काम करायचे, अगदी समोर, जिथं त्यांना स्वच्छ दिसायचं. आम्ही कामापुरतं बोलायचो. वायर किती लांब, स्क्रू कुठला. एकदा मात्र मधेच ते म्हणाले, "मी रागावलो नव्हतो. माझं विमान कुणीतरी उडवत राहिलं असतं, तर मी थांबलो असं झालं नसतं. एवढंच होतं." मी सोल्डरची तार धरून उभी होते. "मलाही ते हवं होतं," मी म्हणाले. "इतकं हवं होतं की मी विचारलं नाही तुम्हाला काही." त्यांनी मान हलवली आणि पुढची वायर मागितली.

मोसमाचा शेवटचा रविवार उरला होता. गवताचे शेंडे पिवळे पडायला लागले होते, सोनकी गळून गेली होती. वारा होता, पण त्याच्यात आता ओल नव्हती. चिंचोळ्या जागेवर आम्ही पोचलो. मी रिमोट तपासला, लांब चालत जाऊन परत तपासला. सर झऱ्याजवळच्या खडकावर बसले. मी कड्याशी जाऊन हाक मारली, "हिराबाई, हो!" खालून, कुठूनतरी गवतातून, लांबलचक हाक आली.

मी विमान फेकलं.

ते आधी थोडं बसलं, मग वाऱ्यानं त्याला उचललं. निळा पंख निळ्या आभाळावर. तेव्हा मला कळलं की रंग निवडताना मी मूर्खपणा केला होता. डोळे ताणून बघत होते. उजवीकडं, वळण दरीकडं, डावीकडं. पुन्हा वळण.

"वेग पडतोय," मागून सर म्हणाले. "नाक सोड."

मी नाक खाली केलं. विमान सावरलं. मग माझ्या लक्षात आलं, सर त्याच्याकडं बघतच नव्हते. त्यांची मान खाली होती, डोळे मिटलेले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"साच्यातला पंख शीळ घालतो. वेग कमी झाला की शीळ बसते. बोलू नकोस, ऐकू दे."

मलाही ऐकू यायला लागलं. बारीक, ताणलेली, वळणावर उतरणारी आणि वळण संपलं की चढणारी. दोन पावसाळे मी सरांच्या शेजारी उभी राहून नुसती बघत आले होते. "आता," ते मधूनच म्हणायचे, "आता जरा सोड." आणि बरोबर असायचं ते.

वीस मिनिटांनी मी ते उतरवायला घेतलं. दरीवरून फिरवून पट्टीच्या समोर आणलं, फ्लॅप पुरते खाली केले. शीळ एकदम बसली, विमान हवेत घुटमळल्यासारखं झालं. झरा गेला. कातळ अजून लांब होता. गवताचे शेंडे पोटाला घासले, आणि ते बसलं.

"कुठंय?" सरांनी विचारलं.

"तुमच्या उजव्या हाताला. पंचवीस-तीस पावलं. वाटेत दगड नाही."

ते उठले. मी पुढं झाले नाही. गवतातून पाऊल चाचपत ते गेले, वाकले, विमान उचललं. उजव्या पंखाच्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत, वरून आणि खालून, अंगठा अगदी सावकाश फिरवत गेले. शेपटीवरूनही फिरवला.

"कुठं काही नाही," ते म्हणाले. "हाक मार खाली. वारा आहे तोवर परत सोड."